चिमाशी बोललेले

वाचनालयातून परत आलो, ओटीच्या पायरीवर एक पाय ठेवला, आणि आतून आक्काचे बोलणे ऐकू आले. त्यात थबकण्यासारखे काय, असे कोणी म्हणेल; माणूस घरात असले की बोलणारच. पण आमच्या घरात तसे नव्हते. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण आनंदी, लहानपणीच सोवळी होऊन माहेरी आली ती कायमची. माझी पत्नी यमुना गेली, मुलगा रघू रंगूनला तांदळाच्या पेढीत चिकटला, आणि त्यानंतर या घरात आम्ही दोघेच उरलो. पान घेतलंय, तूप संपलंय, कंदील पुसलाय, एवढी तिची दिवसभराची वाक्ये; त्यांना माझे "हं". त्या दुपारी मात्र माजघरातून येत होते ते बोलणे ऐसपैस होते. मध्येच थांबणारे, कोणाला तरी उत्तराची सवड देणारे. आणि उत्तर येत होते. घोगऱ्या, ताणलेल्या आवाजात, तान्ह्या मुलाने हट्टाला पेटावे तसे. "आणि गलबत केळशीच्या खाडीत शिरलं ना," आक्का सांगत होती, "तेव्हा मी वाकून पाणी बघत होत्ये. मळसूत्र सैल होतं. गेली बुगडी पाण्यात. कोणास म्हणून सांगितलं नाही मी. सासूबाईंनी विचारलं तर म्हटलं, आईनं एकच घातली होती." उत्तर आले. "हसतेस काय गो? नऊ वर्षांची होत्ये मी. आईला बोल लागला तो लागलाच." पुन्हा उत्तर आले, आणि आता बोलणे माझ्यावर आले. मग, "आप्पाला? त्याला कशी सांगणार? तो वाचत असतो. पुढ्यात पुस्तक असतं त्याच्या. नसलं तरी असतंच." आणि आक्का हसली. वहाण काढायला वाकलो होतो तो तसाच वाकून राहिलो. तिचे हसणे मी ओळखले नाही. क्षणभर खरोखरच वाटले, घरात कोणी पाहुणी आली आहे, आणि आता आत जाऊन ओळखीचे चार शब्द बोलावे लागणार.

पाहुणी म्हणजे रघूचे मांजर. रघूचा साहेब पेढी सोडून विलायतेला निघाला तेव्हा त्याने ते रघूच्या गळ्यात घातले, आणि रघूने रजेवर येताना टोपलीतून रत्नागिरीस आणले. सयाम देशातली जात. अंग साईच्या रंगाचे. तोंड, कान, चारी पंजे आणि शेपटीचे टोक मात्र चुलीतून काढल्यासारखे काळपट. डोळे निळे आणि किंचित तिरळे. त्याच्याबरोबर एक छापील कागद आला होता, त्यात त्याच्या चार पिढ्यांची नावे होती, बापाकडची आणि आईकडची. आक्काने मला तो वाचायला लावला. मी वाचत गेलो आणि ती वाती वळत ऐकत होती. "माझ्या सासरच्या मला दोनच पिढ्या ठाऊक," ती म्हणाली. मी "हं" म्हटले असावे. रघूने सांगितले होते, "आप्पा, हे आपल्या मांजरांसारखं नाही. उंदीर मारून वळचणीला पडून राहणारं नव्हे. याला माणूस लागतं. एकटं टाकलं तर खंगतं. दार लावून घेतलेलं याला खपत नाही, थंडी सोसत नाही, आणि हे बोलतं. बोललं की उत्तर द्यायचं, नाहीतर घर डोक्यावर घेईल." हे सगळे मी मन लावून ऐकले. ऐकताना मनात म्हणत होतो की याबद्दल कुठेतरी पुस्तक मिळाले पाहिजे. रघू हसून आक्काला म्हणाला, "आत्या, तुम्हीच बघा. आप्पा त्याला ग्रंथ वाचून दाखवतील." बोट सुटली, रघू गेला, आणि मांजर माझ्या अंगावर पडले. मी वाचायला बसलो की ते पानावर येऊन बसे. पुस्तक उंच धरले की दंडावरून चढून पुस्तक आणि तोंड यांच्यामध्ये डोके घाली. दार ओढून घेतले तर कडी कशी उचलायची ते त्याने पाहून ठेवले होते. मांडणीवरून तुळईवर, तुळईवरून माळ्यावर, आणि तिन्हीसांजेला एकदा सगळ्या घरातून वारे शिरल्यासारखे धावून घेई. पूजेची पळी एकीकडे, पंचपात्र दुसरीकडे. आणि सारखे विचारत असे. काय विचारत असे कोण जाणे. माझ्या पायाशी बसून, तोंडाकडे बघत, स्वर चढवत चढवत. आयुष्यभर शाळेत मुलांना प्रश्न विचारले, पण मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी उठून ओटीवर जाई. काही दिवसांनी ते माझ्याकडे यायचे थांबले. सुटलो असे वाटले. आणि सुटल्यावर जे वाटायला हवे ते वाटले नाही. आक्काने त्याचे नाव चिमा ठेवले होते, हेही मला त्या पायरीवरच कळले.

बुगडीचे ऐकल्यापासून मला चैन पडेना. कारण मी त्या गलबतात होतो. नवऱ्या मुलीबरोबर धाकटा भाऊ म्हणून मला पाठवले होते. पाच-सहा वर्षांचा असेन. आक्का माझ्या समोरच्या फळीवर बसली होती, तिच्या अंगावर हिरवे लुगडे होते, एवढे मला पूर्वीपासून आठवते. पण त्या दुपारनंतर आणखी आठवू लागले. ती वाकली, तिच्या कानापाशी, डाव्या बाजूला, काहीतरी पिवळे चमकले, आणि पाण्याने ते गिळले. तिने झटकन वर पाहिले. मी पाहिले हे तिने पाहिले नाही. आणि मी कोणाला सांगितले नाही, आईने पुढे किती विचारले तरी सांगितले नाही. असे आठवू लागले. पण ते खरे आठवत होते, की दाराआडून ऐकलेल्या शब्दांवर मीच चित्र रंगवत होतो? एवढी वर्षे हे कुठे होते? पुस्तकात वाचलेल्या गोष्टी मला स्वतःला घडल्यासारख्या वाटतात, ही माझी जुनी खोड आहे. रात्री जेवताना आक्का वाढायला वाकली तेव्हा मी तिच्या कानाकडे पाहिले. लाल आलवणाच्या पदरात कान झाकलेला होता. "काय बघतोस?" ती म्हणाली. "काही नाही," मी म्हटले. तिला खोकला आला. तो पुष्कळ दिवसांचा असावा; मी तो त्या रात्री ऐकला.

खोकल्याचे कारण मला परसात सापडले. आम्ही सुरुवातीला मांजराला दूधभात घालत होतो. आमच्या घरात दुसरे काय असणार? मांजर म्हणजे दूध, असे मी म्हटले, आक्काही म्हणाली, वर तुपाची धारही सोडली. मांजराचे पोट सुटले. ते वाळले, त्याची साईसारखी कांती पिंजलेल्या कापसासारखी झाली, आणि तरी आम्ही दूध वाढवत होतो, की अशक्त झाले आहे, अंगी लागू दे. नंतर ते सुधारले. कसे सुधारले याचा मी विचार केला नव्हता. एका सकाळी विहिरीपाशी रहाटाचा आवाज आला म्हणून मागीलदारी गेलो आणि केळीच्या आड उभा राहिलो. मासळीवाली जनी परसाच्या दगडी गडग्यापलीकडे पाटी टेकून उभी होती. गडग्याच्या चिऱ्यावर एक करवंटी, तिच्यात सुकी मासळी. जनी लांब झाल्यावर आक्का आली, बांबूच्या चिमट्याने तिने ती करवंटी उचलली, हात शक्य तितका लांब धरून फणसाखाली नेली. चिमा तिच्या पायांतून घोटाळत, ओरडत, जणू भांडत होती. "थांब गो, थांब. काय हा वखवखाट. रंगूनच्या साहेबाची ना तू?" मांजर खाऊ लागले आणि आक्का तिथेच उकिडवी बसून, नाकाला पदर लावून, त्याच्याकडे टक लावून बघत होती. "झालं पोट बरं? तेव्हा जनीच्या पाटीतलं एक डोकं पळवलंस म्हणून वाचलीस. नाहीतर दूध पाजून मारत होतो आम्ही तुला." मग ती विहिरीवर गेली, नेसत्या वस्त्रानिशी डोक्यावरून घागर ओतली, आणखी एक ओतली, आणि ओलेत्याने खोकत उभी राहिली. दिवसातून दोनदा ती असे न्हात होती. पावसाळ्यात सुद्धा. मी समजलो होतो की म्हातारपणी सोवळे वाढले. मी आल्या पावली ओटीवर गेलो आणि वर्तमानपत्र उघडले.

तेव्हा गावात जातिभेद मोडण्यासाठी सहभोजनांच्या सभा चालल्या होत्या. मी मागच्या रांगेत बसून भाषणे ऐकत असे, आणि मला ती पटत असत. पण आमच्या आळीतले देऊळ जिथे होते तिथेच होते, आणि देवाच्या वाती आक्काच्या हातच्या असत. लहानपणापासून हे एकच काम गावाने तिच्याकडे मागितले होते. देवळातले भिकाजी गुरव दर आठवड्याला येऊन वाती घेऊन जात आणि ओटीवरून म्हणत, "आनंदीबाई, वात अशी असावी. जळताना चिडत नाही." त्या दिवशी आक्काचा चेहरा उजळलेला दिसे. मग भिकाजींनी मला रस्त्यात गाठले. "मास्तर, आनंदीबाईंचं सोवळं फार वाढलंय म्हणे. दोन-दोनदा न्हाणं."

"वयानं होतं तसं," मी म्हटले.

"होतं हो. मांजरही छान सुधारलं तुमचं. काय घालता?"

"दूधभात."

"दूधभातावर अशी तुकतुकी?" ते हसले. वाईट हसले नाहीत. भिकाजी वाईट माणूस नव्हे. "मी आपलं विचारलं. उद्या मला कोणी विचारलं तर काय सांगू, तेवढं सांगून ठेवा. माझं काय, मी वात लावणारा. पण पंच आहेत, गाव आहे. एक पोतं घ्या, आणि तरीच्या होडीनं खाडीपलीकडे सोडून या. सगळे तेच करतात. पाणी ओलांडलं की मांजर परत येत नाही."

सगळे तेच करतात हे खरे. नकोसे मांजर पोत्यात घालायचे, भाट्याच्या खाडीतून तरीने पलीकडे न्यायचे, पुळणीच्या वाळूवर पोते झटकायचे. मांजर घराला धरून असते, पाणी लागले की त्याला घराची दिशा सापडत नाही. मी घरी आलो. मनात मी हे आक्कासाठी करत होतो. तिच्या वाती जातील, बायका तिच्या हातचे पाणी घेणार नाहीत, सणासुदीला बोलावणार नाहीत, तिला या वयात हे सोसणार नाही. हे सगळे खरे होते. पण खोबऱ्याचे रिकामे पोते खुंटीवरून काढताना माझ्या कानात दुसरेच वाक्य होते: नसलं तरी असतंच. मी त्या मांजरावर रागावलो होतो का? मत्सर हा शब्द मी पुष्कळ ठिकाणी वाचला आहे. तो आपल्या घरात, आपल्या हातात, एका पोत्याच्या रूपात असा आला तर ओळखावा कसा? आक्का जेवून कलंडली होती. मी चिमाला हाक मारली. मी तिला हाक मारण्याची ती पहिलीच वेळ, आणि ती लगेच आली, शेपटी उभी करून, बोलत.

तरीवर दहा-बारा माणसे होती. पावस गावाकडची, बाजार करून परतणारी. होडी वल्हवणारा केरू माझा शाळेतला विद्यार्थी, इंग्रजी पहिलीत बसला आणि तिथूनच उठला. मी पोते मांडीवर घेऊन कडेला बसलो. पाण्याची हालचाल लागली आणि पोत्यातून तो आवाज निघाला. सगळी माणसे वळली. "अगो बाय, प्वार हाय की काय पोत्यात?" एक म्हातारी म्हणाली. केरू वल्ह्यावर वाकून म्हणाला, "मास्तर, कोनाचं पळवून चाललाव? फीची बाकी ऱ्हायली हुती काय?" लोक हसले. माझे कान तापले. "मांजर आहे," मी म्हटले. "असा आवाज मांजराचा?" म्हातारीला ते पटले नाही. पोत्यातला आवाज चढत होता, आणि तो आता रडणे नव्हते. तो तोच प्रश्न होता. मी पोत्याला तोंड लावून हळूच म्हटले, "घाबरू नको." ती गप्प झाली. मी गप्प झालो तशी पुन्हा सुरू झाली. म्हणजे मला बोलत राहणे भाग होते, परक्या माणसांत, भर दुपारी, खोबऱ्याचा वास येणाऱ्या पोत्याशी. काय बोलणार? शाळेतल्यासारखी एक-दोन वाक्ये झाली: ही खाडी, तो किल्ला, हे समुद्राचे पाणी. मग माझ्याजवळ काही उरले नाही, आणि ती थांबेना, तेव्हा मी म्हणालो, "तुला आक्काने सांगितली ना बुगडीची गोष्ट, तेव्हा मीही होतो गलबतात. पडली ती मी पाहिली." आत शांत झाले. "आईने मला विचारले होते. लाडू दाखवून विचारले. मी सांगितले नाही. आक्काला मार बसेल म्हणून. मग पुढे सांगायची वेळच राहिली नाही. ती परत आली तेव्हा तिच्या अंगावर एकही दागिना नव्हता, मग बुगडीचे काय बोलायचे?" पोत्याच्या विणीतून एक काळपट नाक बाहेर येऊन माझ्या बोटाला लागले. मी बोलत राहिलो. किती बोललो ते आठवत नाही. केरू मुकाट्याने वल्हवत होता. ती म्हातारी आता पाण्याकडे बघत होती, पण कान माझ्याकडे होता, आणि मला त्याचे काही वाटत नव्हते.

पलीकडे उतरून मी माडांच्या पुढे पुळणीवर गेलो आणि पोत्याचे तोंड सोडले. चिमा बाहेर आली. वाळू तिला आवडली नाही. तिने एकेक पंजा उचलून झटकला. समोर समुद्र, मागे केवड्याचे रान, पाहिजे तिकडे जायला मोकळे. मी मागे सरलो. ती माझ्याबरोबर सरली. मी भराभर तरीकडे निघालो, मागे न बघता. आणि ती माझ्या पुढे आली, धोतराच्या सोग्यात पाय अडकवून, वर बघून, चिडून बोलत. तेव्हा मला समजले की गावाचा हा उपाय तिला लागू नाही. ती घराला धरून नव्हतीच. तिला खाडीच्या पलीकडे न्यायचे तर आक्कालाच न्यायला हवे होते. नाहीतर निदान मला. आणि मला वाटले की मी हिला आत्ता इथे टाकून गेलो, तर ती घरासाठी रडणार नाही, उत्तरासाठी रडेल. थंडी पडेल. कोणी उत्तर देणार नाही. ते कसे असते हे मला माहीत नव्हते. आक्काला माहीत होते. मी खाली वाकलो. ती दंडावरून चढून खांद्यावर बसली.

"आनलात परत?" केरू म्हणाला.

"हो."

"मंग नेलात कशाला?"

"फिरायला," मी म्हटले. तो हसला नाही.

घरी आलो तेव्हा आक्का माजघरात बसली होती. पुढ्यात कापूस होता, हात मांडीवर. खुंटीकडे बघून तिला कळलेच असणार. चिमा माझ्या खांद्यावरून उडी मारून तिच्याकडे गेली आणि बोलू लागली. मी दारात उभा, आणि ती सगळे सांगत होती, पोते, पाणी, वाळू, काही म्हणून ठेवले नाही. आक्काने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. चिमाच्या पाठीवर हात ठेवून ती तिलाच म्हणाली, "आप्पाला सांग, भिकाजी येऊन गेला. वाती मागत होता. मी म्हटलं, मी मांजराला मासळी घालत होत्ये. आता मांजर नाही, पण घालत होत्ये. तेव्हा देवाच्या वाती माझ्याकडून नकोत." तिला खोकला आला. "म्हणाला, बाई, मांजर गेलं तर आता कशाला बोलता, कोणास कळणार आहे. मी म्हटलं, मला बोलायचंय."

म्हणजे मी ज्यासाठी पोते उचलले ते तिने माझ्यामागे, स्वतःच्या हाताने, मांजर गेले असे समजून टाकून दिले होते. मी उंबऱ्यावर बसलो. कापसाचा ढीग आमच्या दोघांच्या मध्ये पडला होता, त्याचे आता काय करायचे हे कोणालाच माहीत नव्हते. काहीतरी बोलायला हवे होते, आणि सरळ तिच्याशी बोलणे मला जमणार नव्हते. हे तिलाही माहीत असावे, म्हणून तिने मधली वाट ठेवली होती. "चिमे," मी म्हटले. दोघींनी वर पाहिले. "आक्काला सांग, मासळी उद्यापासून मी आणीन. बाजारातून. तिने पाण्यात भिजायचे नाही." मग माझा आवाज मलाच परका वाटला, तरी मी पुढे बोललो, कारण थांबलो असतो तर ते पुन्हा कधी आले नसते. "आणि सांग, गलबतातून बुगडी पडली ती मी पाहिली होती. डाव्या कानातली."

आक्का हलली नाही. वाटले, पाहिले नाहीस तू काही, दाराआड उभा राहून ऐकलेस, आणि आता तेवढी गोष्टही तिची राहू दिली नाहीस.

"त्याला सांग," ती चिमाला म्हणाली, "डाव्या नव्हे. उजव्या."

म्हणजे मी रंगवलेच होते. मी मान खाली घातली. मग वर पाहिले, कारण आक्काचा हात उठला होता, आलवणाच्या काठाखालून, उघड्या, सुरकुतलेल्या पाळीवर, वरच्या त्या बुजलेल्या भोकापाशी. ती माझ्या समोर बसली होती, गलबतातल्या फळीवर बसली होती तशीच. आणि तो तिचा उजवा कान माझ्या डाव्या बाजूला होता.